पुण्यात बसून परदेशातल्या माणसांशी मैत्री आणि मदत कशी करायची (माझ्या चुकांसकट)

२०१५ च्या एप्रिलमध्ये नेपाळला भूकंप झाला तेव्हा मी आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीत व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज टाकला, की जुने कपडे, चादरी, स्वेटर जे असेल ते पार्किंगमध्ये आणून द्या. झालं. दोन दिवसांत पोत्यांचा डोंगर. त्यात जरीच्या साड्या, कुणाचा तरी लग्नातला सूट, एका पायाचे बूट आणि एक वॉटर प्युरिफायरचं रिकामं खोकं. ट्रान्सपोर्टवाला आधी हो म्हणाला, मग रेट सांगितला, मग फोन उचलायचा बंद झाला. पोती तिथेच राहिली, जूनमध्ये पहिला पाऊस आत आला, वास सुटला, उंदीर झाले, आणि शेवटी मीच पदरचे पैसे देऊन टेम्पो लावला आणि ते सगळं चिंध्या घेणाऱ्याकडे पाठवलं. नेपाळपर्यंत एक रुमालही पोचला नाही. आमचे चेअरमन काका आजही जगात कुठे भूकंपाची बातमी आली की लिफ्टमध्ये विचारतात, "ताई, यावेळी काही गोळा नाही ना करायचं?"

आधी हेच सांगितलं कारण पुढचं सगळं त्या पोत्यांमुळेच शिकलेय. मुद्दा एकच, समोरच्याला काय हवंय ते विचारायचं आणि मग हात घालायचा. सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची गोष्ट आपण शाळेत ऐकलेली असते, त्यांचा त्याग वगैरे, पण त्यातला कोरडा भाग कुणी सांगत नाही. चीनच्या बाजूने जनरल चू दे यांनी नेहरूंना पत्र लिहून डॉक्टर मागितले होते. मग सुभाषबाबू काँग्रेसचे अध्यक्ष असताना लोकांकडून पैसे जमवले गेले आणि १९३८ साली पाच डॉक्टरांचं पथक गेलं, त्यात नागपूरचे डॉ. चोळकरही होते. कोटणीस तिथे चिनी भाषा शिकले, तिथेच लग्न केलं, आणि ९ डिसेंबर १९४२ ला वयाच्या ३२ व्या वर्षी तिथेच वारले. पण सुरुवात बघा ना, त्यांनी डॉक्टर मागितले, आपण डॉक्टर पाठवले. जरीच्या साड्या नाही पाठवल्या.

आधी वहीत हिशोब

कुठल्याही संस्थेचा फॉर्म भरायच्या आधी एका कागदावर लिहा की आठवड्यात खरोखर किती तास मोकळे आहेत (मनातले तास भागिले दोन), कुठली भाषा येते, कुठलं काम येतं, घरात एक खोली पाहुण्याला देता येईल का आणि महिन्याला किती पैसे गेले तरी घरात कुणी बोलणार नाही. मला दोन तास, मोडकं जर्मन, बरं मराठी आणि टायपिंग असं निघालं होतं. हे निघालं म्हणून लाजायचं काही कारण नाही, उलट याच्यावरूनच ठरतं की तुम्ही काय करायचं. नर्सिंग केलेल्या मुलीने पोस्टर रंगवत बसू नये आणि माझ्यासारखीने जखमा बांधायला जाऊ नये.

सुरुवात शेजारच्या फ्लॅटपासून

परदेशी मैत्री म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर विमानतळ येतो. अहो, पुण्यात अफगाणिस्तान, येमेन, सुदान, इराण, टांझानिया, नेपाळ इथली मुलंमुली वर्षानुवर्षं शिकायला येतात, कोंढव्यात, विमाननगरला, औंधला राहतात, आणि कित्येक जण तीन वर्षांची डिग्री घेऊन परत जातात तरी एकाही पुणेकराच्या स्वयंपाकघरात त्यांचं पाऊल पडलेलं नसतं. सिम्बायोसिसची गोष्ट माहीत असेल तुम्हाला. डॉ. शां. ब. मुजुमदार फर्ग्युसनमध्ये वनस्पतिशास्त्र शिकवायचे, हॉस्टेलकडे बघायचे, तेव्हा त्यांना दिसलं की एक मुलगी खिडकीतून एका मुलाला जेवणाचा डबा देतेय. तो मॉरिशसचा विद्यार्थी काविळीने आजारी होता आणि त्याला बघायला कुणी नव्हतं. त्यातून १९७१ साली आधी परदेशी मुलांसाठी एक सांस्कृतिक केंद्र निघालं, विद्यापीठ वगैरे नंतर. म्हणजे मुळात तो एक डबा होता.

आता हे करायचं कसं. रस्त्यात कुणाला थांबवून "तुम्ही कुठले" असं विचारू नका, त्यांना तो प्रश्न दिवसातून दहादा येतो आणि त्यातला निम्मा वेळ त्याच्यामागे संशय असतो. सरळ मार्ग म्हणजे जवळच्या कॉलेजच्या किंवा विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी विभागात जाऊन सांगायचं की मी इथे अमुक भागात राहते, नवीन आलेल्या मुलांना पहिले दोन आठवडे मदत करू शकते. दुसरा मार्ग भाषेचा, आणि त्यात पुणं श्रीमंत आहे. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये परदेशी भाषांचे वर्ग आहेत, बोट क्लब रोडला मॅक्समुल्लर भवन आहे, आलियान्स फ्रान्सेज आहे, जपानी शिकणारी मुलं तर गल्लोगल्ली. भाषेची अदलाबदल ठरवायची, अर्धा तास तुमचं अरबी किंवा फारसी, अर्धा तास त्यांचं मराठी. माझ्या अनुभवात मराठीत पहिल्यांदा शिकवायची वाक्यं म्हणजे "मीटरने चला", "तिखट कमी", "डिपॉझिट परत कधी मिळेल". नमस्कार ते आधीच शिकून आलेले असतात.

पहिल्या आठवड्यात खरी अडचण असते कागदांची. १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीच्या विद्यार्थी व्हिसावर आलेल्याला पोचल्यापासून १४ दिवसांत परदेशी नागरिक नोंदणी करावी लागते. ती ऑनलाइन होते आणि पुण्यात हे काम पोलीस आयुक्तालयाकडे आहे, पण त्यासाठी राहण्याचा पुरावा लागतो, तो भाडेकरारावरून मिळतो, भाडेकरार करायला मालक तयार पाहिजे, आणि मालक म्हणतो आधी नोंदणी दाखव. या चक्रात पोरं रडकुंडीला येतात. इथे एक मराठी बोलणारी काकू बरोबर असली की एजंटचा आवाज आपोआप खाली येतो, हे मी अनुभवाने सांगते. करार मुलाच्या समोर मोठ्याने वाचून इंग्रजीत समजावून सांगायचा, डिपॉझिटची रक्कम आणि नोटीसचा महिना यावर बोट ठेवायचं, घराचे आणि मीटर रीडिंगचे फोटो काढून ठेवायला लावायचे. पण एक पक्कं, स्वतः जामीन राहायचं नाही आणि स्वतःच्या नावावर सिम काढून द्यायचं नाही. मैत्री कितीही असो.

जेवायला बोलवा, नक्की बोलवा, पण माझ्यासारखं नको. येमेनच्या एका मुलाला मी हौसेने रविवारी दुपारी एकला पुरणपोळीच्या जेवणाला बोलावलं, तो वेळेवर आला, बसला, गप्पा मारल्या, आणि पान वाढलं तेव्हा अगदी हळू आवाजात म्हणाला, काकू, डब्यात द्याल का, संध्याकाळी खाईन. रमजान चालू होता. माझ्या डोक्यातच नाही आलं. आता मी जेवायचं ठरवताना आधी विचारते, काय चालतं, काय नाही, कुठली वेळ बरी. आणि उलट बाजूही लक्षात ठेवा, कधीतरी त्यांच्या खोलीवर जाऊन त्यांच्या हातचं खा, कारण नेहमी आपणच वाढणारे आणि ते नेहमी घेणारे असं झालं की त्याला मैत्री म्हणत नाहीत.

याचा खरा उपयोग संकटात होतो. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल पडलं तेव्हा इथली अफगाण मुलं रात्रभर फोन घेऊन बसलेली, १५ एप्रिल २०२३ ला सुदानमध्ये लढाई पेटली तेव्हा तिकडच्या मुलांचे घरून येणारे पैसे थांबले. अशा वेळी मेणबत्त्या लावून फोटो काढण्यापेक्षा तीन कामं असतात. कॉलेजला भेटून फीची मुदत वाढवून घेणं, व्हिसा संपत आला असेल तर मुदतवाढीचा अर्ज वेळेत भरायला लावणं, आणि किराणा. तांदूळ, तेल, डाळ, कांदे, बस. रोख हातात ठेवली की मानी मुलं घेत नाहीत, किराणा दाराशी ठेवला की घेतात. आणि राजकारणावर मत विचारायचं नाही, त्याचा भाऊ कुठल्या बाजूला अडकलाय हे तुम्हाला माहीत नसतं.

कुणी म्हणेल मराठी माणूस कुठे एवढा मोकळा असतो. कोल्हापूरजवळ वळिवडे आहे ना, तिथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५००० पोलिश निर्वासितांची वसाहत होती, बहुतेक बायका आणि मुलं, सैबेरियात हाकलले गेलेले, तिथून फिरत फिरत पंचगंगेच्या काठी आलेले. शाळा होत्या, चर्च होतं. त्यातली मुलं म्हातारी झाल्यावर कोल्हापूर बघायला परत आली, महावीर उद्यानात त्यांचं स्मारक आहे. तेव्हा जमलं.

पाहुणा घरी ठेवताना

हा भाग लोक विसरतात आणि मग पोलीस चौकीत गोड बोलत बसतात. परदेशी नागरिक तुमच्या घरी मुक्कामाला आला, पैसे घेऊन असो की फुकट, त्याची माहिती २४ तासांच्या आत ऑनलाइन भरायची असते. सगळे त्याला सी फॉर्म म्हणतात. आधी पोर्टलवर घरमालक म्हणून स्वतःची नोंद करावी लागते, त्यात एकदोन दिवस जाऊ शकतात, म्हणून हे पाहुणा यायच्या आठवडाभर आधी करा. पासपोर्ट, व्हिसा आणि फोटो पाहुण्याकडून ईमेलने आधीच मागवून ठेवा. मी पहिल्यांदा केलंच नव्हतं, वॉचमनने सोसायटीत सांगितलं, सोसायटीने चौकीला, आणि जर्मन बाई बिचारी चहाचा कप हातात धरून "मी काय केलं" असं बघत होती. सोसायटीच्या ऑफिसला पण एक साधं पत्र देऊन ठेवा.

पाहुणा मिळतो कुठून? १९४९ मध्ये डेन्मार्कमध्ये सुरू झालेली सर्व्हास नावाची चळवळ आहे, भारतातही आहे, तिच्यात यजमान आणि प्रवासी दोघांची आधी मुलाखत होते, साधारण दोन रात्री पाहुणा राहतो, पैशांची देवघेव नसते. शाळकरी मुलं वर्षभर घरात ठेवायची तयारी असेल तर एएफएस आहे. ही संस्था मुळात पहिल्या महायुद्धात जखमींच्या अँब्युलन्स चालवणाऱ्या स्वयंसेवकांची होती, १९४७ पासून मुलांची अदलाबदल करायला लागली. पण वर्षभर मुलगा ठेवणं म्हणजे खरोखर एक मूल वाढवणं आहे, घरातल्या सगळ्यांचं, सासूबाईंसकट, मत घेऊनच हो म्हणा.

एक महत्त्वाचं. पाहुणा टुरिस्ट व्हिसावर आलाय आणि म्हणतोय तुमच्या वस्तीतल्या वर्गात शिकवतो, तर लगेच हो म्हणू नका. ई-टुरिस्ट व्हिसावर जास्तीत जास्त एक महिना आणि पूर्ण बिनमोबदला स्वयंसेवा चालते, त्याच्या पुढे वेगळा व्हिसा लागतो. जेवणखाण आणि राहणं फुकट देऊन काम करून घेणं हाही मोबदलाच धरला जाऊ शकतो.

आपत्तीत मदत: पोती नकोत

आता माझ्या दुखऱ्या जागेकडे येते. लांबच्या देशात भूकंप, पूर, युद्ध झालं की वस्तू पाठवू नका. का, तर वस्तू उतरवायला विमानतळावर माणसं लागतात, ठेवायला गोदाम लागतं, निवडायला अजून माणसं लागतात, आणि ती सगळी माणसं त्याच वेळी जिवंत लोकांना ढिगाऱ्यातून काढत असतात. २००४ च्या त्सुनामीनंतर इंडोनेशियातल्या आचेमध्ये २० लाखांहून कमी लोकांसाठी ४००० टनांच्या वर औषधं येऊन पडली, कित्येकांवरची भाषा तिथे कुणाला वाचता येईना, आणि नको असलेली औषधं जाळणं हेच एक वेगळं काम होऊन बसलं. जागतिक आरोग्य संघटनेचा नियम आहे की दान केलेलं औषध पोचल्यावर निदान एक वर्ष तरी एक्सपायरी शिल्लक हवी, लेबल तिथल्या डॉक्टरला कळेल अशा भाषेत हवं, आणि मुख्य म्हणजे ते त्यांनी मागितलेलं हवं. आपल्या ड्रॉवरमधल्या अर्ध्या स्ट्रिप्स या कशातच बसत नाहीत.

पैसे पाठवा. पण पैशांतही गंमत आहे.

संस्था बघताना चार गोष्टी तपासा. धर्मादाय आयुक्तांकडे नोंद आहे का, एनजीओ दर्पण पोर्टलवर तिचा नंबर सापडतो का, ऑडिट केलेला हिशोब वेबसाइटवर आहे का, आणि ८०जी ची पावती मिळते का. (रोखीने २००० रुपयांच्या वर दिलेत तर करसवलत नाही, आणि नवीन करप्रणाली घेतली असेल तर कशीही नाही, तेव्हा सवलतीसाठी दान करत असाल तर आधी सीएला फोन करा.) पाचवा प्रश्न कुणी विचारत नाही तो मी विचारते, हे पैसे खरंच त्या देशात जाणार आहेत का? कारण भारतातल्या ट्रस्टने देशाबाहेर खर्च केला तर त्या खर्चाला करमाफी मिळवण्यासाठी वेगळी मंजुरी लागते, त्यामुळे कित्येक संस्था तुमचे रुपये भारतातल्याच कामाला वापरतात. ते काम वाईट असतं असं नाही, पण तुम्हाला माहीत हवं. फोन करून विचारा, नीट संस्था असेल तर सरळ उत्तर देते, उत्तराऐवजी भावना सांगायला लागली तर फोन ठेवा.

थेट परदेशी संस्थेला द्यायचे असतील तर रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेखाली एका व्यक्तीला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात आणि त्यात देणगी बसते. बँकेत पॅन आणि ए२ फॉर्म लागतो. आपल्याला अडीच लाख डॉलरचं टेन्शन नाही म्हणा, पण बँक चार्जेस बघा, ५००० रुपये पाठवायचे असतील तर चार्ज आणि रेटमध्ये त्यातला बराच भाग जातो. दहा जणांनी आपापले वेगळे पाठवण्यापेक्षा भारतात खातं असलेली आणि त्या देशात खरंच काम करणारी संस्था शोधणं बरं पडतं.

चौकात डबा घेऊन फिरायचा विचार असेल तर थांबा. गणपती मंडळाच्या पोरांना हे तोंडपाठ असतं, वर्गणी गोळा करायला धर्मादाय आयुक्तांची कलम ४१ क ची परवानगी लागते, तेच इथेही लागू आहे. शिवाय स्वतःच्या यूपीआयवर लोकांचे पैसे घ्यायचे नाहीत, अगदी चांगल्या मनाने पण नाही, थेट संस्थेच्या खात्याचा क्यूआर पुढे करायचा. माझी एक मैत्रीण दोन वर्षं "त्या पैशांचं काय झालं" याची उत्तरं देत होती, आणि तिने एक रुपया खाल्ला नव्हता.

आणि उलट दिशेचा पैसा. तुमची परदेशातली मैत्रीण प्रेमाने म्हणते की वस्तीतल्या मुलांच्या वह्यांसाठी २०० युरो पाठवते, अकाउंट नंबर दे. देऊ नका. सामाजिक कामासाठी परदेशी पैसा घ्यायला एफसीआरए २०१०, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी लागते, २०२० च्या दुरुस्तीनंतर तो पैसा फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच उतरवता येतो. इतकंच काय, तुमच्या कार्यक्रमात आलेल्या परदेशी विद्यार्थ्याने दानपेटीत ५०० ची भारतीय नोट टाकली तरी ती परदेशी देणगीच, कारण नोट कुठली हे बघत नाहीत, देणारा कुठला नागरिक ते बघतात. भारतीय पासपोर्ट असलेल्या एनआरआय भावाने स्वतःच्या कमाईतून पाठवले तर ते यात येत नाहीत. म्हणून मैत्रिणीला नोंदणी असलेल्या संस्थेचं नाव द्या आणि स्वतः बाजूला व्हा.

प्रत्यक्ष जायचंच असेल तर

तिकीट काढून आपत्तीच्या ठिकाणी जाऊ नका. तिथे तुमच्यासाठी पाणी, जागा आणि दुभाषा शोधणारं अजून एक माणूस लागतं. मदतकार्याचं एक जगन्मान्य हँडबुक आहे, स्फिअर नावाचं, फुकट वाचायला मिळतं. त्यात किमान किती काय लागतं ते लिहिलंय, उदाहरणार्थ माणशी दिवसाला १५ लिटर पाणी, २० माणसांमागे एक संडास. ते वाचलं की कळतं हे काम उत्साहापेक्षा हिशोबाचं आहे. तळेगावजवळ सुदुंबऱ्याला एनडीआरएफची पाचवी बटालियन आहे, ती मुलं वर्षभर सराव करतात तेव्हा कुठे ढिगाऱ्यावर पाय ठेवतात. आपण आधी रेडक्रॉस किंवा सेंट जॉनचा प्रथमोपचाराचा कोर्स करावा.

जायचे शहाणे मार्ग आहेत. संयुक्त राष्ट्रांची स्वयंसेवक योजना, यूएनव्ही, १९७० पासून आहे, मुख्यालय जर्मनीत बॉनला. तिच्या पोर्टलवर एक प्रोफाइल बनवलं की प्रत्यक्ष जायच्या आणि घरबसल्या करायच्या, दोन्ही कामांसाठी अर्ज करता येतो, ऑनलाइन कामाला वय १८ पूर्ण लागतं. प्रत्यक्ष जाणाऱ्याला राहण्याखाण्याचा भत्ता मिळतो, म्हणूनच चुरस असते, एका अर्जावर विसंबून राजीनामा देऊ नका. दुसरं म्हणजे एससीआय, सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल. पियेर सेरेसोल नावाच्या स्विस इंजिनिअरने पहिल्या महायुद्धानंतर १९२० मध्ये व्हेर्दंजवळच्या एका उद्ध्वस्त फ्रेंच खेड्यात जर्मन माणसांसकट श्रमदान सुरू केलं, त्यातून ती निघाली. सगळ्यांना ते रुचलं नाही, जर्मनांना गावाने फार काळ राहू दिलं नाही. पण हाच माणूस १९३४ च्या बिहार भूकंपानंतर भारतात येऊन घरं बांधत होता. त्यांची छोटी शिबिरं अजून चालतात, दोनतीन आठवड्यांची, तिकीट आपलं आपण काढायचं.

जी कंपनी अनाथाश्रमात दोन आठवडे मुलांशी खेळायचे पैसे घेते तिच्या वाटेला जाऊ नका. मुलांना दर पंधरवड्याला नवीन ताई येते आणि जाते, त्याने त्यांचं काय होतं ते ताई इन्स्टाग्रामवर टाकत नाही. तिथल्या माणसांचे, विशेषतः मुलांचे फोटो न विचारता काढू नका. आफ्रिकेतल्या बऱ्याच देशांसाठी पीतज्वराची लस लागते, प्रमाणपत्र लस घेतल्यावर दहा दिवसांनी लागू होतं, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी धावत सुटायचं नाही.

मित्र म्हणवणारे चोर

याबद्दल थोडक्यात पण कडक. फेसबुकवर ओळख झालेला परदेशी डॉक्टर किंवा सैनिक, तो तुम्हाला पार्सल पाठवतो, ते कस्टममध्ये अडकतं, एक "कस्टम ऑफिसर" फोन करून पैसे मागतो. हे सगळं एकच नाटक आहे, आणि यात फसणारे बरेचदा एकटे राहणारे ज्येष्ठ असतात ज्यांना खरंच कुणाशी तरी बोलायचं होतं. पैसे गेले तर लाजत बसू नका, लगेच १९३० वर फोन करा, जितका उशीर तितकी रक्कम पुढे सरकते. परदेशी मित्र हवेच असतील तर अशा आजीआजोबांना पोस्टक्रॉसिंग शिकवा. २००५ मध्ये पोर्तुगालमध्ये सुरू झालेला प्रकार आहे, तुम्ही एका अनोळखी पत्त्यावर कार्ड पाठवता, तिसऱ्याच देशातून तुम्हाला कार्ड येतं. माझे वडील दर गुरुवारी साधू वासवानी चौकातल्या जीपीओत जायचे तिकिटं लावायला, पायजमा इस्त्री करून.

सगळ्यात सोपं काम

आणि आता ते काम जे मी दर महिन्याला करते, घरी बसून, फक्त लॅपटॉप लागतो. नकाशे. जगात अशी कित्येक गावं आहेत जी नकाशावर नाहीतच, रस्ता नाही, घरं नाहीत, आणि पूर आला की मदतवाल्यांना कळत नाही किती घरं होती, कुठून जायचं. २०१० च्या हैती भूकंपात जगभरातल्या लोकांनी उपग्रहाचे फोटो बघून ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे लोकांनीच मिळून बनवलेल्या फुकट नकाशावर, रस्ते काढले, त्यातून ह्युमॅनिटेरियन ओपनस्ट्रीटमॅप टीम, म्हणजे हॉट, उभी राहिली. २०१४ मध्ये रेडक्रॉस आणि डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स बरोबर मिसिंग मॅप्स सुरू झालं. आणि ज्या एप्रिलमध्ये मी पोती भरत होते त्याच आठवड्यात हजारो लोक घरबसल्या नेपाळची खेडी नकाशावर काढत होते, काठमांडूतली स्थानिक टीम त्यांना काय हवंय ते सांगत होती. हे मला नंतर कळलं तेव्हा पोत्यांपेक्षा जास्त वाईट वाटलं.

करायचं असं. ओपनस्ट्रीटमॅपवर फुकट खातं उघडा. मग हॉटच्या टास्किंग मॅनेजर या कामं वाटून देणाऱ्या वेबसाइटवर त्याच खात्याने लॉगिन करा, प्रोजेक्टच्या यादीत नवशिक्यांसाठीचं एक निवडा आणि त्याच्या सूचना पूर्ण वाचा, कारण कुठे फक्त घरं हवी असतात, कुठे फक्त रस्ते, आणि आपण मनाने नदी काढून ठेवली की कुणाला तरी पुसत बसावी लागते. नकाशा चौकोनांत वाटलेला असतो, एक चौकोन घेतला की तो दोन तास तुमच्यासाठी लॉक होतो. एडिटर उघडला की खाली उपग्रहाचा फोटो दिसतो, एरिया निवडून घराच्या कोपऱ्यांवर क्लिक करत जायचं, शेवटी डबल क्लिक, प्रकार बिल्डिंग, आणि मग क्यू हे बटण दाबायचं म्हणजे वाकडंतिकडं घर काटकोनात येतं. छपराची नाही तर पायाची रेघ धरायची, फोटो तिरका असेल तर दोन्हींत फरक दिसतो. दहाबारा घरांनंतर सेव्ह करा, लाइट गेली की मागचं जाऊ शकतं, आपल्याकडे हे वेगळं सांगायला नको. चौकोन पूर्ण झाला तर पूर्ण म्हणा, नाही झाला तर अर्धा सोडा, दुसरं कुणीतरी घेतं, त्यात कमीपणा काही नाही. गूगलच्या नकाशावरून बघून काहीही उतरवायचं नाही, ते कॉपीराइटचं उल्लंघन होतं आणि सगळं काम काढून टाकावं लागतं.

एकट्याने कंटाळा येतो म्हणून मी सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये महिन्याच्या दुसऱ्या रविवारी चारपाच तासांचा कार्यक्रम ठेवते. बारा माणसं पुरेत, त्याच्या वर गेलं की वायफाय झोपतं. प्रत्येकाने चार्जर आणि वायरचा माउस आणायचाच, टचपॅडवर घरं काढली की मनगट धरतं. एक्स्टेन्शन बोर्ड तीन. खाती घरूनच उघडून यायला सांगा, नाहीतर पहिला तास पासवर्डमध्ये जातो. ज्याने आधी थोडं केलंय अशा दोघांनी स्वतः न काढता फक्त फिरत राहायचं आणि इतरांचं बघायचं, आणि ही दोन माणसं मिळणं सगळ्यात अवघड असतं. साडेअकराला पोहे. इंग्रजी चांगलं असलेल्यांपैकी कुणी नकाशाला वैतागलं तर भाषांतराच्या कामाला लावायचं, ट्रान्सलेटर्स विदाउट बॉर्डर्सवर प्रोफाइल करून छोटी छोटी कामं घेता येतात, पण तिथेही जी भाषा पक्की येते तीच लिहायची.

मागच्या वेळी चेअरमन काका पण बसले होते, पहिल्यांदाच, चष्मा कपाळावर, नाक स्क्रीनला. त्यांच्या चौकोनात एक गोल छप्पर आणि शेजारी एक लांबट काहीतरी होतं. "ताई, हे घर आहे का गोठा?" मी बघितलं, मलाही कळेना. मग काय करायचं असतं ते पण सांगून ठेवते, अंदाजाने नाव द्यायचं नाही, फक्त बिल्डिंग म्हणून सोडायचं आणि चौकोन जमा करताना खाली कॉमेंटचा रकाना असतो तिथे लिहायचं. काकांनी एका बोटाने टाइप केलं, अगदी हळू, की हे काय आहे ते तिथल्या कुणीतरी कृपया सांगावं.